गेटसमोरचं दुकान, वर्गातलं चॉकलेट आणि आईचा डबा

पत्र

ताई, नमस्कार. माझा मुलगा दहा वर्षांचा आहे, पाचवीत. यंदा शाळेच्या आरोग्य तपासणीच्या कार्डावर ‘वजन जास्त’ असा शेरा आला. सासूबाई म्हणतात, खात्यापित्या घरातलं पोर आहे, उंची वाढली की अंग उतरेल. यांचं म्हणणं, तूच लाड करतेस. मी रोज सकाळी पोळी-भाजीचा डबा देते, तो अर्धा परत येतो. मधल्या सुट्टीत कँटीनमध्ये नूडल्स आणि सामोसे मिळतात. शाळा सुटली की गेटसमोरच दुकान आहे, पाच रुपयांत वेफर्सचं पाकीट. वर्गात सारखा कुणाचा तरी वाढदिवस असतो, शिवाय बरोबर उत्तर दिलं की बाई चॉकलेट देतात. मी नोकरी करते, तो घरी येतो तेव्हा मी नसते. मुलं त्याला ‘ढोल्या’ म्हणतात म्हणून हल्ली तो ग्राउंडवरही जात नाही. नेटवर त्याची उंची आणि वजन टाकून बघितलं तर ‘नॉर्मल’ आलं. त्याला डाएटवर ठेवू का? माझं नक्की काय चुकतंय?

— एक आई, चिंचवड

उत्तर

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तोच तुम्हाला सगळ्यात जास्त छळतोय. तुमचं पत्र तुम्हीच एकदा परत वाचा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तुमच्या मुलाच्या हातात खाणं कोण कोण ठेवतं, ते सगळं त्यात आलंय: कँटीनवाले, समोरचा दुकानदार, वाढदिवसाची मुलं, वर्गातल्या बाई. एवढ्या जणांमध्ये तुमच्या वाट्याला फक्त एक डबा येतो आणि दोष मात्र सगळा तुमच्या पदरात. हे मला मान्य नाही. तुमच्या यजमानांनीही हे उत्तर वाचावं अशी माझी इच्छा आहे.

आता नेटवरच्या त्या ‘नॉर्मल’विषयी. तुम्ही वापरलेलं कॅल्क्युलेटर बहुतेक मोठ्या माणसांचं असावं. मोठ्यांसाठी बीएमआयचा, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते दाखवणारा, एक ठरलेला आकडा चालतो, मुलांचं तसं नसतं. वयाप्रमाणे आणि मुलगा की मुलगी यानुसार तो बदलतो. आपल्याकडे त्यासाठी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे, म्हणजे इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचे 2015 चे वाढीचे तक्ते आहेत, 5 ते 18 वर्षांच्या मुलांचे. ते तयार करण्यात पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकरांचा मोठा वाटा आहे. या तक्त्यात जास्त वजनाची रेषा मोठ्यांच्या 23 बीएमआयशी आणि लठ्ठपणाची रेषा 27 शी जुळवलेली आहे. पाश्चात्त्य देशांत हेच आकडे 25 आणि 30 धरतात. आपल्या रेषा मुद्दाम खाली ठेवल्या आहेत. कोणत्याही बालरोगतज्ज्ञांकडे हा तक्ता मिळेल. मुलाच्या जुन्या कार्डांवरची उंची-वजनं घेऊन जा आणि सगळे ठिपके मांडून घ्या. एका वर्षाच्या ठिपक्यापेक्षा चार वर्षांची रेष कुठे वळली, हे जास्त सांगून जातं.

रेषा खाली का ठेवल्या, याचं उत्तर पुण्यातच सापडलेलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. जन्मलेली बाळं सरासरी 2.7 किलोची होती. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं वजन साडेतीन किलोच्या आसपास होतं. म्हणजे आपली बाळं चांगलीच लहान, हातपाय बारीक, स्नायू कमी. पण कातडीखालची चरबी मोजली तेव्हा ती त्या प्रमाणात कमी नव्हती. वरून किडकिडीत दिसणाऱ्या बाळाच्या अंगातही चरबीचा वाटा जास्त निघाला. अशा शरीरावर पुढे वजन चढलं की मधुमेह आणि रक्तदाब लवकर दार ठोठावतात. सासूबाईंना हे जरूर सांगा, पण वाद घालून नको. त्यांच्या पिढीनं दुष्काळ पाहिला, रेशनच्या रांगा पाहिल्या. अंगावर बाळसं असणं म्हणजे घरात सुबत्ता असणं, हे त्यांनी अनुभवातून शिकलेलं आहे. आणि महाराष्ट्रात उपासमार संपलेलीही नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातली पाच वर्षांखालची 35 टक्के मुलं खुजी आढळली. त्याच पाहणीत जास्त वजनाच्या मुलांचं प्रमाण 1.9 वरून 4.1 टक्क्यांवर गेलेलं दिसलं. खुजी मुलं आणि लठ्ठ मुलं एकाच राज्यात, कित्येकदा एकाच गल्लीत. दोघांच्याही हाती येणारं स्वस्त पाकीट एकच आहे.

उंची वाढली की अंग उतरेल, हे सासूबाईंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. वाढत्या वयाच्या मुलाचं वजन सहसा घटवायचं नसतं. ते आहे तिथे रोखायचं किंवा त्याचा वेग कमी करायचा आणि उंचीला पुढे जाऊ द्यायचं. म्हणून दहा वर्षांच्या मुलाला ‘डाएट’वर ठेवू नका. उपाशी ठेवलेलं मूल चोरून खातं, खाण्याची लाज बाळगायला लागतं, आणि ती लाज मोठेपणीही पाठ सोडत नाही. त्याच्या ताटातली भाकरी, तूप, भात, डाळ यांना हात लावू नका. घरातल्या एका माणसासाठी वेगळा स्वयंपाक तर मुळीच नको.

घरात बदलायचं ते थोडं आहे, आणि सगळ्यांसाठी आहे. कोल्ड्रिंक आणि डब्यातले ज्यूस घरी आणणं बंद करा. अडीचशे मिलिलिटर कोलात पंचवीस ग्रॅमच्या वर साखर असते, पाच-सहा चमचे. राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत मोठ्या माणसालासुद्धा दिवसाकाठी वरून घातलेली साखर 20 ते 25 ग्रॅमच्या आत ठेवायला सांगितलंय. एका बाटलीत दिवसाचा कोटा संपतो. दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरींकडेही एकदा डबा उलटा करून बघा. अन्नसुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ असा प्रकारच नाही, म्हणून एप्रिल 2024 मध्ये केंद्रानं ऑनलाइन विक्रेत्यांना ही पेयं त्या नावाखाली न विकण्याची सूचना दिली होती. सकाळच्या चहाबरोबरची बिस्किटंही साधी समजू नका. ग्लुकोज बिस्किटांत वजनाच्या जवळजवळ चौथा हिस्सा साखर असते. तो शाळेतून येतो तेव्हा तुम्ही घरी नसता, म्हणून ओट्यावर समोर दिसेल असं काहीतरी ठेवून जा: केळी, पेरू, उकडलेली शेंग, मटकीची कोरडी उसळ, थालीपीठ. भुकेलं मूल आधी हाताला येईल ते खातं. पाकिटाचा डबा वरच्या फळीवर असण्यापेक्षा घरातच नसलेला बरा. झोप नऊ-साडेनऊ तास होते का, तेही बघा.

पण घरातलं सगळं सुधारलंत तरी शाळेचा दिवस उरतोच, आणि माझ्या मते तुमचा खरा जोर तिथे लागायला हवा. तिथे कायदा आधीच तुमच्या बाजूनं आहे, आणि बहुतेक पालकांना त्याची कल्पनाच नसते.

मे 2017 मध्ये महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागानं शासन निर्णय काढून शाळेच्या कँटीनमध्ये जास्त चरबी, मीठ आणि साखर असलेले पदार्थ विकायला मनाई केली. वेफर्स, नूडल्स, कोल्ड्रिंक, पिझ्झा, बर्गर ही नावं त्यात आहेत. त्याऐवजी काय ठेवावं हेही त्यात होतं, इडली, उपमा, खिचडी, पराठा असे ओळखीचेच पदार्थ. त्यानंतर केंद्राच्या अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणानं, म्हणजे एफएसएसएआयनं, 2020 मध्ये देशभरासाठी नियम केले, ते जुलै 2021 पासून लागू आहेत. त्यानुसार असे पदार्थ शाळेच्या कँटीनमध्ये, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आणि शाळेच्या गेटपासून कोणत्याही दिशेला 50 मीटरच्या आत शाळकरी मुलांना विकता येत नाहीत. त्यांची जाहिरात करता येत नाही, फुकट नमुने वाटता येत नाहीत. कँटीनची नोंदणी किंवा परवाना असलाच पाहिजे. तुमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या मंडपावर किंवा वह्यांच्या कव्हरवर एखाद्या कोल्ड्रिंकचं नाव झळकत असेल, तर तेही या नियमांत बसत नाही.

तुम्ही लिहिलेलं ‘गेटसमोरच’ म्हणजे किती अंतर ते एकदा पावलांनी मोजा. साधारण सत्तर पावलं म्हणजे 50 मीटर.

आता हे घेऊन कुठे जायचं? एकट्या मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये जाऊ नका. एकट्या आईला “बघतो” म्हणून परत पाठवणं सोपं असतं. तुमची शाळा खासगी असेल तर 2011 च्या शुल्क नियमन कायद्यानं तिथे पालक-शिक्षक संघ असणं बंधनकारक आहे आणि प्रत्येक पालक आपोआप त्याचा सदस्य असतो. त्यासाठी कुणाची शिफारस लागत नाही. अनुदानित किंवा सरकारी शाळा असेल तर शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात. आधी दोन-तीन आयांशी बोला. बारीक मुलांच्या आयांनाही बरोबर घ्या, कारण वेफर्सनं त्यांचीही भूक मरते आणि त्यांचेही डबे परत येतात. मग एका पानाचं निवेदन लिहा. त्यात तुमच्या मुलाचं नाव, त्याचं वजन, काहीही नको. मागण्या नेमक्या ठेवा. कँटीनचा पदार्थांचा तक्ता पालकांना दाखवावा आणि 2017 च्या शासन निर्णयाप्रमाणे बदलावा. वाढदिवसाला वर्गात खाऊ वाटणं बंद करून पुस्तक, रोप किंवा पेन्सिल चालेल असं शाळेनं सर्व पालकांना कळवावं. शिक्षकांनी बक्षीस म्हणून चॉकलेट देऊ नये. मधल्या सुट्टीत डबा खायला पुरेसा वेळ मिळावा. ही शेवटची मागणी किरकोळ वाटेल, पण पंधरा मिनिटांत हात धुऊन, डबा उघडून, पोळी-भाजी खाऊन खेळायचं कसं? नूडल्सची बशी पाच मिनिटांत संपते, म्हणून ती जिंकते.

वाढदिवसाचा मुद्दा मी मुद्दाम लिहिला आहे. साठ मुलांच्या वर्गात वर्षाला साठ वाढदिवस, म्हणजे शाळेच्या जवळपास दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी चॉकलेट. बाईंचं बक्षीस त्यात धरलेलं नाही. कुणाचाच हेतू वाईट नसतो. एखाद्या मुलाच्या आईनं नाही म्हटलं तर ती कंजूष ठरते, म्हणून हा निर्णय शाळेनं सर्वांसाठी एकदम करायला लागतो.

तुमची शाळा सीबीएसईची असेल तर आणखी एक आधार आहे. मे 2025 मध्ये सीबीएसईनं सगळ्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितलं. कोणत्या पदार्थात किती साखर, हे मुलांना दिसेल असा फलक. त्या पत्रकात म्हटलंय की 4 ते 10 वर्षांच्या मुलांच्या रोजच्या उष्मांकातले 13 टक्के साखरेतून येतात, हवेत ते 5 टक्क्यांपर्यंत. फलक लागला नसेल तर विचारा. मात्र फलकाच्या खालीच कँटीनमध्ये कोल्ड्रिंक विकत असतील तर मुलं कुणाचं ऐकतील, तेही विचारा.

समोरच्या दुकानदाराशी भांडू नका. त्याच्याजवळ हातगाडी लावणारे काका असतील तर त्यांच्याशीही नको. माझं हे मत पक्कं आहे. त्यांचं पोट त्या गल्ल्यावर चालतं. पाच रुपयांचं पाकीट त्यांनी शोधून काढलेलं नाही. मुलाच्या खिशात मावेल अशी किंमत ठरवूनच ते कारखान्यातून निघतं. शाळेनं आणि पालकांनी मिळून त्यांना सांगावं की शाळा सुटायच्या वेळेला उकडलेलं मक्याचं कणीस, शेंगा, चणे, काकडी, पेरू, कोरडी भेळ ठेवा, आम्ही मुलांना तेवढेच पैसे देऊन तुमच्याकडेच पाठवतो. गिऱ्हाईक टिकत असेल तर माल बदलायला दुकानदार तयार होतात. शाळा दाद देत नसेल किंवा कँटीनवाला ऐकत नसेल, तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात सहायक आयुक्त (अन्न) यांच्याकडे लेखी तक्रार करता येते. निवेदनाची पोच घ्यायला विसरू नका. आणि तिथेही तक्रार कँटीनची आणि शाळेची करा, हातगाडीवरून सुरुवात नको.

तुम्ही म्हणाल, एवढं सगळं आम्हीच करायचं, मग सरकार काय करतं? रास्त प्रश्न आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे नवे दर आले. साखरेच्या कोलावर 40 टक्के कर राहिला, ते योग्यच झालं. पण त्याच दिवशी बिस्किटं आणि चॉकलेट 18 वरून 5 टक्क्यांवर आली. फरसाण आणि पाकिटबंद नमकीन, तसंच बुडबुडे नसलेली गोड फळपेयं 12 वरून 5 टक्क्यांवर उतरली. म्हणजे बाटलीत वायू असेल तर महाग, तेवढीच साखर वायूशिवाय असेल तर स्वस्त. मुलाच्या शरीराला बुडबुड्यांशी काही घेणंदेणं नाही, त्याला साखर कळते. कर लावायचा तर साखरेच्या प्रमाणावर लावावा. ब्रिटननं एप्रिल 2018 मध्ये तेच केलं: शंभर मिलिलिटरमागे 5 ग्रॅमच्या वर साखर असेल तर एक दर, 8 ग्रॅमच्या वर असेल तर आणखी चढा. कर चुकवण्यासाठी कंपन्यांनी आपणहूनच पेयांतली साखर कमी केली. पुढे केंब्रिजच्या संशोधकांनी पाहणी केली तेव्हा 10-11 वर्षांच्या मुलींमधला लठ्ठपणा अपेक्षेपेक्षा 8 टक्क्यांनी कमी निघाला. मुलग्यांमध्ये तसा फरक दिसला नाही. एका करानं सगळं होत नाही, पण एवढं नक्की होतं.

पाकिटावरच्या सूचनेचंही तसंच रखडलंय. चिलीमध्ये जून 2016 पासून जास्त साखर, मीठ, चरबी किंवा उष्मांक असलेल्या पाकिटावर समोरच इशाऱ्याचा काळा अष्टकोन छापावा लागतो. अशा पदार्थांना शाळेत बंदी आहे आणि मुलांना भुलवणारी कार्टून पाकिटावर छापता येत नाहीत. पहिल्या टप्प्यातच तिथल्या घरांची गोड पेयांची खरेदी जवळजवळ 24 टक्क्यांनी घसरली. आपल्याकडे एफएसएसएआयच्या 2022 च्या मसुद्यात इशाऱ्याऐवजी तारे सुचवले गेले, जास्त तारे म्हणजे जास्त चांगलं. वेफर्सच्या पाकिटावर एक तारा बघून दहा वर्षांचं मूल काय समजेल? त्याला तो तारा बक्षिसासारखाच वाटणार. एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला या प्रश्नावर सरकारला तीन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. जाहिरातींचा नियमही अर्धाच आहे. 2022 च्या ग्राहक संरक्षण मार्गदर्शक सूचनांप्रमाणे वेफर्स आणि कोल्ड्रिंकच्या जाहिराती मुलांच्या कार्यक्रमांत किंवा मुलांच्या वाहिन्यांवर दाखवायच्या नाहीत. पण तुमचा मुलगा क्रिकेटची मॅच बघतो ना? ती मुलांचा कार्यक्रम धरली जात नाही. आमदार-खासदार मतं मागायला दारात येतात तेव्हा पाण्याच्या आणि रस्त्याच्या प्रश्नाबरोबर हेही विचारायला हवं.

मुलाविषयी दोन गोष्टी राहिल्या. एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवाच. मानेच्या मागे किंवा काखेत कातडी काळी, जाडसर झाली आहे का, तो रात्री घोरतो का, हे आधी बघून ठेवा आणि त्यांना सांगा. रक्तदाब मोजायला सांगा, मुलांचा सहसा कुणी मोजत नाही. थायरॉइडची शंका बहुतेक आयांना येते. उंची वयाप्रमाणे नीट वाढत असेल तर ते कारण असण्याची शक्यता कमी, पण तपासणी करायची की नाही हे डॉक्टरांना ठरवू द्या.

दुसरी गोष्ट ‘ढोल्या’ची. ती मला वजनाहून जास्त तातडीची वाटते. मूल चिडवण्याच्या भीतीनं मैदान सोडतं, मैदान सुटलं की वजन वाढतं, वजन वाढलं की चिडवणं वाढतं. वर्गशिक्षिकांना उद्याच भेटा आणि हे नाव वर्गात चालणार नाही, असं त्यांनी स्वतः, तुमच्या मुलाचा उल्लेख न करता, सगळ्या वर्गाला सांगावं अशी विनंती करा. पीटीचा तास गणिताला दिला जातो का, हेही त्याच भेटीत विचारून घ्या. घरातही त्याच्या समोर वजन, पोट, ‘जरा कमी खा’ हे शब्द नकोत, आजीकडूनही नकोत आणि बाबांकडूनही. संध्याकाळी बाबांनी त्याला सायकल, पोहणं, कबड्डी, जे त्याला आवडेल ते खेळायला घेऊन जावं. व्यायाम म्हणून नको, नुसतं खेळायला. सुरुवातीला शाळेतल्या मुलांपासून लांबचं मैदान निवडा.

पालक-शिक्षक संघाची पुढची बैठक केव्हा आहे ते सोमवारी कार्यालयात विचारा आणि तुमचं निवेदन विषयपत्रिकेवर घ्यायला लावा. बैठकीत काय ठरलं ते इतिवृत्तात लिहिलं जाईल आणि त्याची प्रत पालकांना मिळेल, एवढा आग्रह मात्र शेवटपर्यंत धरा.